हातांच्या दहा जोड्या

३ सप्टेंबर, मंगळवार

प्रत्येक तासानंतर भरायला संस्थेने एक फॉर्म दिला आहे. त्यात ‘अडचणी’ या रकान्याला दीड ओळ जागा. दीड ओळीत माझ्या खोकल्याचीही तक्रार मावायची नाही. म्हणून ही वही घातली आहे. ती कुणाला दाखवायची नाही. फॉर्ममध्ये ‘अडचण नाही’ असं लिहून मोकळा झालो.

काम असं: तुरुंगातल्या दहा कैद्यांना मोटर वाइंडिंग शिकवायचं, तेही घरबसल्या, व्हिडिओवरून. मंगळवारी आणि शुक्रवारी, दहा ते अकरा. जळालेली मोटर उघडायची, जुनी तार काढायची, नवी भरायची, फिरवून दाखवायची. बत्तीस वर्षं मी हेच शिकवलं, पण समोर उभं राहून, आणि वेळ पडली तर कान धरून. व्हिडिओवरून कान धरता येत नाही, हे मी संस्थेच्या मॅडमना आधीच सांगितलं. त्या म्हणाल्या, “सर, प्रयोग आहे. जमला तर पुढे सगळ्या तुरुंगांत नेऊ.” म्हटलं, नाही जमला तर? “तर एक ऍनिमेशनवाली कंपनी मागे लागलीच आहे.” म्हणजे कार्टून बघून मोटर भरायची! मी तिथल्या तिथे होकार दिला.

नियम बरेच आहेत. कैद्यांचे चेहरे दिसता कामा नयेत. नावं विचारायची नाहीत. त्यामुळे तिकडचा कॅमेरा छताला लटकवलाय, तोंड खाली टेबलांकडे. मला दिसतात ते फक्त हात. हातांच्या दहा जोड्या, प्रत्येकीसमोर टेबलावर रंगवलेला एक ते दहापैकी आकडा. त्यांनी बोलायचं ते शेवटच्या पाच मिनिटांत, आणि माइक शिपायाच्या ताब्यात.

आज शेवटी विचारलं, काही शंका? वीस हात गप्प. शिपाई म्हणाला, “शंका नाही, साहेब.” त्याला कुणी विचारलं होतं!

६ सप्टेंबर, शुक्रवार

मोबाइलचा स्टँड भिकार निघाला. ऐन तासात मोबाइल तोंडावर आपटला आणि दहा कैद्यांना पाच मिनिटं माझ्या टेबलाचं लाकूड दिसत राहिलं. कुणी चकार शब्द काढला नाही. तिथे तक्रार केली की ती कागदावर चढते, असं मॅडम म्हणाल्या. विद्यार्थी असे बत्तीस वर्षांत मिळाले नव्हते.

बायकोला म्हटलं, पुढच्या तासापासून तूच धर. ती म्हणाली, “मी धरते, पण माझ्यावर खेकसायचं नाही.” मी कधी खेकसतो?

१० सप्टेंबर, मंगळवार

आज मुख्य धडा. मोटरच्या लोखंडी कड्याला आतून खाचा असतात, त्यांना आम्ही स्लॉट म्हणतो. फर्म्यावर, म्हणजे साच्यावर, तारेची वेटोळी करून घ्यायची आणि मग एकेक-दोनदोन पदर त्या स्लॉटमध्ये सोडायचे. दाबायचं नाही, ढकलायचं नाही. तारेवरचा इनॅमलचा थर जरा जरी खरवडला तरी दोन पदर एकमेकांना भिडतात आणि मोटर जळते. म्हणून हात स्थिर. हे दोन शब्द मी आयुष्यात इतक्यांदा म्हटलेत की मेल्यावर ओठांवर तेच सापडतील.

बायको कॅमेऱ्यात अगदीच कच्ची. हात दाखवायचे तर ती सारखी मोटरवर जाते. मी म्हणतो हात दाखव, हात! मोटर काय नाच करून दाखवणार आहे? तर जरा वेळ हातांवर येते आणि परत मोटरवर. शिवाय तिच्याकडून चित्र हलतं. तिकडच्या शिपायानेही सांगितलं, “साहेब, थोडं हलतंय.” मी तिला चांगलं सुनावलं. ती काही बोलली नाही. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच माझं म्हणणं पटलं असावं.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

संस्थेचा करारनामा परत आला. का, तर सही आधीच्या कागदांवरच्या सहीशी जुळत नाही. नवीन पोरं भरलीत तिथे, त्यांना सही कशाशी खातात ते माहीत नाही. पुन्हा केली. तीही त्यांना पसंत पडेल असं वाटत नाही. पेनही धड नव्हतं.

आज त्यांनी पहिल्यांदा तार घातली. पकडी, कटर सगळं साखळीने टेबलाला बांधलेलं आणि शिपाई दर दहा मिनिटांनी मोजतो. कामं ठीक. सात नंबर सोडून सगळ्यांचे हात तार घालताना बारीक हलत होते. नवशिके आहेत, जाईल. सात नंबरचा हात मात्र खडकासारखा. चाळिशीचा असावा, मनगटावर पांढरे केस. त्याने आधी कुठेतरी काम केलेलं दिसतं.

शेवटच्या पाच मिनिटांत पहिल्यांदाच माइकवर कैद्याचा आवाज आला. सात नंबरच होता. म्हणाला, “सर, हा त्रास तुम्हाला सकाळी जास्त होतो का संध्याकाळी?”

म्हटलं, कसला त्रास?

जरा थांबून म्हणाला, “नेटवर्कचा.”

मी म्हटलं, सकाळी. चहा झाल्यावर जास्त.

“मग सर, चहा तासानंतर घेत जा.”

नेटवर्कचा आणि चहाचा संबंध लावणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. चार भिंतींत राहून डोक्यावर परिणाम होत असेल बिचाऱ्यांच्या. मी हसलो. बायको हसली नाही. तिला विनोद उशिरा कळतात.

१७ सप्टेंबर, मंगळवार

ब्लेडचा दर्जा काही राहिलेला नाही. हनुवटीवर दोन ठिकाणी कापलं. कापूस चिकटवून तास घेतला.

आज बायकोने चहा दिलाच नाही, दूध फाटलं म्हणाली. नेटवर्क जरा बरं होतं. योगायोग.

२० सप्टेंबर, शुक्रवार

महत्त्वाचा शोध. दोष आपल्याकडचा नाहीच, लाइनचा आहे. आज तिकडचंही चित्र हलत होतं. दहाही जणांचे हात, सात नंबरचेसुद्धा, तार घालताना बारीक थरथरत होते, अगदी एका लयीत. एकाच वेळी दहा माणसांचे हात हलतील का? म्हणजे नेटवर्क. हे मी बायकोला समजावून सांगितलं आणि तिच्यावरचा आरोप मागे घेतला. ती आत गेली आणि बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी फार नव्हती.

टेबलावरचे आकडे मात्र स्थिर होते. या नेटवर्कचं काही कळत नाही.

२४ सप्टेंबर, मंगळवार

मॅडमचा फोन. सात नंबरची शिक्षा ३० नोव्हेंबरला संपते. बाहेर त्याची एक थोरली बहीण आहे, तेवढंच नात्याचं माणूस. तिने कळवलंय की हातात काम असेल तर ये, नसेल तर येऊ नकोस, माझ्याही घरी माणसं आहेत. म्हणून मॅडमनी विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी वाइंडिंगचं दुकानवालं आहे का? मी म्हटलं, मी शिक्षक आहे, नोकऱ्या लावण्याचा धंदा नाही करत.

दुपारी धांदरटला फोन लावला. हा माझा वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. रोज पकड विसरायचा. आता स्वतःचं दुकान आहे, हाताखाली चार माणसं आहेत, तरी मी धांदरटच म्हणतो. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, “सर, तुमचा शब्द म्हणजे झालंच. पण प्रमाणपत्र तरी हवं. घरच्यांना आणि कामगारांना सांगायला माझ्या हातात कागद नको का?” बरोबर आहे त्याचं. परीक्षा १९ नोव्हेंबरला. ती पास झाला तर कागद, कागद असला तर काम, काम असलं तर बहिणीचं दार. नापास झाला तर फेरपरीक्षा सहा महिन्यांनी, तोवर त्याने कुठे जायचं ते कुणी ठरवलेलं नाही.

माझा यात काही संबंध नाही. फोन चार्ज होता, म्हणून केला.

४ ऑक्टोबर, शुक्रवार

बायको म्हणते डॉक्टरकडे जाऊ. म्हटलं, गुडघ्यासाठी ना? म्हणाली, “हो, गुडघ्यासाठीच समजा.” मला गुडघ्याचं काही नाही. ती हल्ली माझा कप अर्धाच भरते आणि शर्टाची बटणं लावायला येते. म्हातारपणी बायका लाडात येतात असं ऐकलं होतं.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

आज दोन नंबरने तोंड उघडलं. हा सगळ्यांत वयस्कर, अंगठे बोराएवढे जाड. त्याने विचारलं, तार तुटली तर जोड कुठे घ्यायचा? शहाणा प्रश्न. जोड नेहमी स्लॉटच्या बाहेर घ्यायचा, आत घेतला तर खाच भरून जाते. त्याने लगेच तार तोडून, जोडून दाखवली. हात थरथरत होताच, पण जोड मात्र सुबक. थरथरत्या हाताने एवढा सुबक जोड मला तरी जमला नसता, असं मी मोठ्या मनाने सांगून टाकलं. तिकडे कुणीतरी खोकलं.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

दहाच्या दहा मोटरी फिरल्या! ऐकतोय ना, मी हे स्वतःलाच सांगतोय. पहिल्या फटक्यात दहा. समोर शिकवलेल्या वर्गातसुद्धा सहाच्या वर गेलो नव्हतो. शिपाई नियम विसरून ओरडला, “साहेब, वारा लागतोय!” मला इतका आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या, आणि बायकोने फोन खाली ठेवून माझे दोन्ही हात आपल्या हातांत धरले. बराच वेळ सोडेना. दहा कैद्यांच्या देखत! म्हटलं, अगं, कॅमेरा चालू आहे. म्हणाली, “असू दे.”

८ नोव्हेंबर, शुक्रवार

लाइनचा दोष कायम. मॅडमना लेखी कळवलं. त्यांनी माणूस पाठवला. त्याने अर्धा तास तपासून सांगितलं की लाइन उत्तम आहे. याला काय कळतंय! मी त्याला कागदावर काढून दाखवलं की तरंग कसे येतात. तो माझ्या हातातल्या पेन्सिलीकडे बघत राहिला आणि चहा न घेताच गेला.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

परीक्षा.

परीक्षक तिकडे तुरुंगात प्रत्यक्ष गेले होते. कोरडा माणूस, हातात वही आणि टेस्ट लॅम्प. मी इकडून बघत होतो. मला बोलायची परवानगी नव्हती, फक्त विचारलं तर. दहाही जणांना जळकी मोटर दिली, तीन तास. मी खुर्चीवरून उठलो नाही. बायकोने दोनदा पाणी आणून दिलं ते तसंच राहिलं.

दोन तास पन्नास मिनिटांनी शेवटची मोटर फिरली. दहापैकी दहा. मी मनातल्या मनात धांदरटला फोनसुद्धा लावला.

मग परीक्षक म्हणाले, “एक सांगा. तार घालताना तुम्ही सगळेच हात असा हलवता. का?”

 सात नंबर म्हणाला, “सवय आहे, साहेब.”

“दहा जणांना एकच सवय? ही शिकवलेली पद्धत दिसते.”

“नाही साहेब. सरांनी नाही शिकवलं. आमचीच आहे.”

परीक्षकांनी मला विचारलं, “सर, तुम्ही शिकवलंय का हे?” मी ताठ आवाजात सांगितलं, मुळीच नाही. बत्तीस वर्षं मी ‘हात स्थिर’ एवढंच सांगत आलो आहे. मला आत्ता दिसतंय की हे नेटवर्क नसून यांचेच हात हलत होते, आणि मला याचा खेद होतो.

परीक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं. मला राग आवरेना. तीन महिने घसा फोडून शिकवलं आणि ऐन परीक्षेत माझं नाव घालवलं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

निकाल. दहाही नापास.

परीक्षेत साठ गुण मोटरला आणि चाळीस कामाच्या पद्धतीला. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. मोटरला सगळ्यांना पन्नासच्या वर. पद्धतीत दहाही जणांना चाळीसपैकी दहा. शेरा: ‘तार भरताना हाताची अनावश्यक हालचाल, इनॅमल खरवडण्याचा धोका.’ पद्धतीला वेगळे गुण असतात हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. सांगायचं काय त्यात? माझ्या हाताखाली पद्धतीत कुणी नापास झालाच नव्हता.

मॅडम म्हणाल्या, “सर, एकच वाट आहे. ही हालचाल शिक्षकाने दाखवली होती असं निघालं तर उमेदवाराचे गुण कापता येत नाहीत, नियम आहे. सगळ्या तासांची रेकॉर्डिंग आपल्याकडे आहेत. तुम्ही बघून लेखी कळवा. सोमवारपर्यंत.” मी म्हटलं, अवश्य बघतो. म्हणजे माझं तरी नाव साफ होईल. सातबद्दल वाईट वाटतं, पण मी नाही ते लिहून देणार नाही. बायको म्हणाली, “अहो, नका बघू.” म्हटलं, का नको? ती म्हणाली, “नका बघू एवढंच.”

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी दहाला लावलं. १० सप्टेंबरचा तास.

टेबलावर डावीकडे पकड पडलेली आहे. तिच्याशेजारी पाण्याचा ग्लास. मध्ये मोटर. पकड हलत नाही. ग्लासातलं पाणी हलत नाही. मोटर हलत नाही. मध्ये माझा हात येतो, आणि तो हलतो.

मी म्हणतो आहे, “हात स्थिर.” आणि तो हलतो आहे. मग मी ओरडतो, “तू कॅमेरा हलवू नकोस!” कॅमेरा जागचा हललेला नाही. मग कॅमेरा अलगद मोटरवर जातो, हात चौकटीबाहेर राहतो. मी पुन्हा ओरडतो, “हात दाखव, हात!” आणि कॅमेरा परत येतो.

मी २० सप्टेंबरचा लावला. मग ४ ऑक्टोबरचा. मग २५ चा. बंद केलं.

बायको दारात उभी होती. मी म्हटलं, किती दिवस झाले? ती म्हणाली, “दोन वर्षं.” म्हटलं, सांगायचंस. ती म्हणाली, “कसं सांगायचं तुम्हाला? हात म्हणजे तुमचं सगळं.”

मला खूप रडू आलं. हे इथे लिहितो, कारण ही वही कुणाला दाखवायची नाही. तिच्यावर इतका खेकसलो, त्याची माफी मागितली. ती म्हणाली, ठीक आहे. ठीक नव्हतं, पण ती म्हणाली.

२३ नोव्हेंबर, शनिवार

रेकॉर्डिंगमध्ये पाहिलं ते लिहून पाठवलं की माझं शिकवणं संपलं. ज्याचा हात हलतो तो वाइंडिंग शिकवत नाही. मी स्वतःच अशा माणसाला वर्गात उभं राहू दिलं नसतं.

न पाठवलं तर कुणाला कळणार नाही. मी ‘पाहिलं, आढळलं नाही’ असं लिहिलं तर मॅडम माझ्यावर विश्वास ठेवतील. बत्तीस वर्षांची पत आहे. हा विचार मी सकाळी सातपासून साडेदहापर्यंत केला. तो केला नाही असं म्हणणार नाही.

मग पाठवलं. चारच ओळी: ‘सदर हालचाल शिक्षकाच्या हातातील आहे. विद्यार्थ्यांनी शिक्षकाचं पाहून केली. त्यांचा दोष नाही. शिक्षकाने पदमुक्त व्हावं हे योग्य.’ सही केली. सही जुळणार नाही, हेही खाली लिहिलं.

बायकोला म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ती पर्स घेऊन तयारच होती.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

मॅडमचा फोन. दहाही पास. परीक्षकांनी पद्धतीचे गुण परत दिले. कार्टूनवाल्यांना नकार गेला. पुढच्या तुकडीला नवीन शिक्षक, तोही माणूसच, याची त्यांनी खात्री दिली. मला एक शेवटचा तास घ्यायला बोलावलंय, १० डिसेंबरला, निरोपाचा. मी म्हटलं, निरोप वगैरे नको. त्या म्हणाल्या, “कैद्यांनी अर्ज केलाय, सर. दहा सह्या आहेत.”

डॉक्टर म्हणाले, जिवाला धोका नाही, गोळी घ्या, चहा कमी करा. मी त्यांना सांगितलं की हे मला आधीच एकाने सांगितलं होतं.

३० नोव्हेंबर, शनिवार

सात सुटला. बहिणीने घेऊन जायला माणूस पाठवला होता म्हणे. मी त्याचा चेहरा कधीच पाहिला नाही. रस्त्यात समोर आला तर ओळखणार नाही, हात बघितल्याशिवाय.

६ डिसेंबर, शुक्रवार

धांदरटचा फोन. म्हणाला, “सर, हिरा दिलात. चार दिवस बघतोय. असा स्थिर हात माझ्या दुकानात आजवर कुणाचा नव्हता. माझाही नाही.”

म्हटलं, काय म्हणालास? स्थिर?

“खडक, सर.”

म्हटलं, तार घालताना हलवत नाही?

“नाही हो. कशाला हलवेल?”

मी फोन ठेवला. तीन महिन्यांची सवय चार दिवसांत जात नाही, हे मला ठाऊक आहे. मी पोरांच्या सवयी मोडण्यातच आयुष्य घालवलं. १३ सप्टेंबरला तो स्थिर होता. २० ला हलायला लागला. परीक्षेत हलत होता. आता पुन्हा स्थिर. काही केल्या जुळेना.

१० डिसेंबर, मंगळवार

शेवटचा तास. तिकडे नऊच जोड्या. सात नंबरच्या टेबलावर कुणी बसलेलं नव्हतं.

मी शिकवलं नाही. आधीच बोललो. म्हटलं, ऐका. मी तार घालताना हात हलवत होतो ती पद्धत नव्हती. तो आजार आहे. तुम्ही माझं बघून चुकीचं शिकलात, त्यापायी नापास झालात. मला माफ करा आणि इथून पुढे हात स्थिर ठेवा. हे सगळं मी बायकोसमोर दोनदा म्हणून पाहिलं होतं.

शिपायाने माइक फिरवला. दोन नंबर म्हणाला, “साहेब, आम्हाला ठाऊक होतं.”

म्हटलं, केव्हापासून?

“दुसऱ्या आठवड्यापासून. आधी आम्हाला ती पद्धतच वाटली होती, म्हणून आम्हीही हलवायचो. मग सातने सांगितलं, त्याच्या वडिलांना होतं हेच. म्हणाला, सरांना कळलेलं नाही.”

म्हटलं, मग तेव्हाच थांबवायचं की! उलट सातही हलवायला लागला.

 अकरा वाजून गेले होते. शिपायाने माइक काढून घेतला नाही.

दोन नंबर म्हणाला, “आमचे स्थिर राहिले असते, तर तुम्हाला तुमचे दिसले असते ना.” मग म्हणाला, “आणि क्लासही बंद पडला असता. तेही होतंच. पद्धतीला मार्क असतात हे कुणाला माहीत? सात म्हणाला होता, मोटर फिरली की झालं.”

म्हटलं, परीक्षकांनी विचारलं तेव्हा तरी खरं सांगायचं. सातची तर नोकरी अडली होती.

“तुम्ही बघत होता, साहेब.”

मी “बरं” म्हटलं.  बायको फोन धरून शेजारी उभी होती. शिपाई म्हणाला, “साहेब, वेळ झाली. बंद करू?”

म्हटलं, जरा थांबा. अठरा हात टेबलावर पालथे ठेवलेले होते. एकही हलत नव्हता. मी ते बराच वेळ बघत राहिलो.